आभार मानल्याने नोकरीचे दार खरेच उघडते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी सोलापूरची. बी.कॉम. झाल्यावर टॅली आणि जीएसटीचा अभ्यासक्रम पूर्ण केला. वडिलांच्या ओळखीतल्या एका सीएंनी माझे नाव दोन ठिकाणी सुचवले. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्यातून मुलाखतीनंतर नकार आला आणि चिंचोळी एमआयडीसीतील कंपनीने 'कळवतो' असे सांगितले, त्यालाही आता तीन आठवडे होतील. मुलाखतीनंतर आभाराचा निरोप पाठवावा असे सगळीकडे सांगतात. परंतु मैत्रिणी म्हणतात की हा निव्वळ मस्का आहे, आणि वडील म्हणतात की काम झाल्यावर पेढे घेऊन जाऊ, आत्ता कशाला? आभार मानल्याने खरोखर काही फरक पडतो का?"

फरक पडतो, मात्र आपण समजतो त्या ठिकाणी तो फारसा पडत नाही. ज्या उमेदवाराला टॅलीतली साधी नोंद करता आली नाही, त्याला छान शब्दांतल्या आभारामुळे कोणी घेत नाही, आणि ज्याचे काम उत्तम आहे त्याने निरोप पाठवला नाही म्हणून त्याला कोणी नाकारतही नाही. कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात आयुष्याचा मोठा भाग मुलाखती घेण्यात घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, आभारातला उपयोगाचा भाग गोड शब्दांचा नसतो. मिळालेल्या मदतीचे पुढे काय झाले, हे मदत करणाऱ्याला वेळेवर कळवण्याचा असतो. ज्याला हे कळते तो पुन्हा मदत करतो, ज्याला कळत नाही तो हळूहळू बाजूला होतो, आणि तो बाजूला झाला हे उमेदवाराच्या लक्षातही येत नाही. हे सारे उत्तर त्या एका गोष्टीभोवती आहे.

तुमच्या मैत्रिणींचा संशय मी हसण्यावारी नेणार नाही, कारण गिरणगाव म्हणून वाढलेल्या शहरात तो आपोआप रुजतो. १८७७ साली इथे, पुढे 'जुनी मिल' म्हणून ओळखली गेलेली गिरणी सुरू झाली आणि पुढे गिरण्या वाढत गेल्या. त्या काळी देशभरच्या कापड गिरण्यांत कामगार भरती बहुतांशी जॉबरच्या (मुकादमाच्या) हातात असे. कामावर लागण्यासाठी, लागल्यावर टिकण्यासाठी आणि रजेवरून परत आल्यावर पुन्हा उभे राहू देण्यासाठी जॉबरला दस्तुरी द्यावी लागे. भारतातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले आयोगाच्या १९३१ साली आलेल्या अहवालात या लाचखोरीवर स्पष्ट बोट ठेवलेले आहे, आणि भरतीचे अधिकार जॉबरकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावेत अशी शिफारसही आहे. आज ज्याला आपण एचआर म्हणतो त्या खात्याच्या पूर्वजांपैकी हा कामगार अधिकारी एक होता. ज्या घरांतल्या आजोबांनी दस्तुरी मोजली, त्या घरांत नोकरी देणाऱ्यापुढे चार गोड शब्द बोलणे म्हणजे लाचारी, असे वाटत राहिले तर त्यात नवल नाही.

परंतु दस्तुरी आणि आभार यांत फरक ओळखायला एक सोपी कसोटी आहे. दस्तुरी काम होण्यासाठी, काम होण्याआधी दिली जाते. आभार जे घडून गेले आहे त्याबद्दल मानायचे असतात: कोणी तासभर वेळ दिला, कोणी फोन केला, कोणी चूक दाखवली. म्हणून निरोप पाठवण्यापूर्वी स्वतःला विचारा, "मला नकार आला असता तरी मी हाच निरोप पाठवला असता का?" उत्तर 'हो' असेल तर निःसंकोच पाठवा. उत्तर 'नाही' असेल तर मैत्रिणींचे म्हणणे बरोबर आहे आणि निरोप न पाठवलेलाच बरा. समोर बसलेल्या माणसाने असे पुष्कळ निरोप वाचलेले असतात, त्यामुळे त्याला पहिल्या ओळीतच ते समजते.

आता नोकरी मुळात कोणाकडून कळते ते पाहू. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातील, नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिक, तांत्रिक आणि व्यवस्थापकीय कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि १९७३ साली त्यातून निघालेले एक निरीक्षण मांडले, ज्याचा दाखला आजही दिला जातो. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारले की, ज्या माणसाने तुम्हाला या जागेबद्दल सांगितले त्याला तुम्ही त्या काळात कितीदा भेटत होता? वारंवार भेटणारे शंभरात सुमारे १७ निघाले, अधूनमधून भेटणारे ५६ आणि क्वचितच भेटणारे २८. कारण साधे आहे. घरचे लोक आणि जिवलग मैत्रिणी यांना जे माहीत असते ते बहुधा आपल्यालाही माहीत असते. नवी खबर येते ती लांबच्या ओळखीतून. पुढे २०२२ साली लिंक्डइनवरील सुमारे दोन कोटी लोकांवर पाच वर्षे केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतही घट्ट ओळखीपेक्षा बेताची ओळख नोकरीच्या कामी जास्त येते असेच दिसले. मात्र अगदीच नावापुरती ओळखही फारशी उपयोगी ठरत नाही, ही भर त्यात पडली. हे अभ्यास परदेशातले, तिथला बाजार वेगळा; पण सोलापुरात कारकुनी आणि हिशेबाच्या जागा कशा भरल्या जातात हे पाहिले तर हेच चित्र दिसते. छोट्या कारखान्यातली लेखा सहायकाची जागा जाहिरातीत येण्यापूर्वी कारखान्याच्या सीएंना, कर सल्लागाराला, सुताच्या व्यापाऱ्याला किंवा बँकेच्या शाखेतल्या ओळखीच्या अधिकाऱ्याला विचारून झालेले असते, आणि पुष्कळदा तिथेच विषय संपतो.

तुमचे सीए हे नेमके असे लांबचे ओळखीचे आहेत. ते वडिलांना ओळखतात, तुम्हाला जवळजवळ नाही. त्यांनी दोन ठिकाणी शब्द टाकला म्हणजे काय केले, याचा विचार करा. ज्या कारखानदाराचे हिशेब ते तपासतात, ज्याच्याशी त्यांचा वर्षानुवर्षांचा व्यवहार आहे, त्याला त्यांनी सांगितले की ही मुलगी बघा. मुलगी वेळेवर गेली नाही, किंवा गेली आणि काहीच येत नव्हते, तर कमीपणा त्यांच्या शब्दाला येतो. सोलापूरचे व्यापारी वर्तुळ लहान आहे. चादर-टॉवेलवाले, गणवेश शिवणारे, यंत्रमागवाले आणि त्यांचे हिशेबनीस या ना त्या कामाने एकमेकांना भेटतातच. म्हणजे सीएंनी तुमच्यासाठी थोडी जोखीम घेतली आहे. ज्याने जोखीम घेतली त्याला पुढे काय झाले हे जाणून घ्यायचे असते आणि तो स्वतःहून सहसा विचारत नाही, कारण नकार आला असेल तर मुलीला अवघड वाटेल, असे त्यालाही वाटत असते.

इथेच बहुतेक तरुणांचे चुकते. नोकरी लागली की पेढे घेऊन धावत जातात, पण नकार आला की त्या माणसाला तोंड दाखवायचे टाळतात. रस्त्यात तो दिसला तर दुसऱ्या बाजूने जातात. त्यांच्या मनात असते ती लाज; समोरच्याला मात्र दिसते ती 'गरज सरो, वैद्य मरो' ही वृत्ती. नाव सुचवून झाल्यावर महिनाभर काहीच कळले नाही की तो धरून चालतो की मुलीला नोकरी लागली असावी किंवा तिला फारशी गरज नसावी, आणि तिसरी जागा समोर आली तेव्हा तिचे नाव त्याच्या ओठांवर येत नाही. त्याने तिला नाकारलेले नसते, तो तिला फक्त विसरलेला असतो. मला विचाराल तर नोकरीच्या शोधात हे विसरले जाणे नकारापेक्षा जास्त महागात पडते.

लाजेबद्दल एक दिलासा. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना कोणाला तरी आभाराचे पत्र लिहायला लावले आणि आधी अंदाज विचारला की वाचणाऱ्याला कसे वाटेल. लिहिणाऱ्यांना वाटत होते की समोरच्याला ते पत्र अवघडल्यासारखे होईल. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांना अपेक्षेपेक्षा बराच अधिक आनंद झाला आणि अवघडलेपण अंदाजापेक्षा कमी निघाले. लिहिणारा शब्दांच्या सफाईची चिंता करत बसतो, वाचणारा त्यातला जिव्हाळा पाहतो. आपल्याकडे तर आपल्या माणसाचे तोंडाने आभार मानणे हेच परकेपणाचे वाटते. म्हणून ज्याचे मन धजत नाही त्याने औपचारिक शब्द टाळून सरळ खुशाली कळवावी. "काका, तुम्ही सांगितलेल्या ठिकाणी जाऊन आले, असे असे झाले" एवढे म्हटले तरी ते आभारच असतात.

निरोप कसा असावा, हे नमुन्यानेच सांगितलेले बरे. मुलाखतीनंतर येणारा नेहमीचा निरोप असा असतो: "आदरणीय सर, आपण आपला अमूल्य वेळ दिल्याबद्दल मी आपली अत्यंत ऋणी आहे. आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी संधीचे सोने करीन." यात चूक काही नाही, पण हा निरोप कोणत्याही कंपनीला, कोणत्याही दिवशी, कोणीही पाठवू शकते, आणि म्हणून तो वाचून झाल्याबरोबर पुसला जातो. आता दुसरा पाहा:

"नमस्कार सर. काल सकाळी लेखा सहायकाच्या मुलाखतीसाठी आले होते. आपण खरेदीच्या नोंदी २बीशी कशा जुळवाल असे विचारले, तेव्हा मला नीट सांगता आले नाही. आपण स्वतः कागद घेऊन पद्धत समजावून सांगितलीत त्याबद्दल आभारी आहे. घरी आल्यावर सरावाच्या नोंदींवर एका महिन्याची जुळवणी करून पाहिली. पुरवठादाराने बीजक उशिरा भरले की फरक कुठे दिसतो, हे आता लक्षात आले. निर्णय काहीही झाला तरी हे शिकायला मिळाले. — (नाव, मोबाइल क्रमांक)"

(२बी म्हणजे पुरवठादारांनी जीएसटीत भरलेल्या बिलांवरून तयार होणारा तक्ता.) दुसऱ्या निरोपात स्तुतीचा एक शब्दही नाही. पण वाचणाऱ्याला तीन गोष्टी कळतात: मुलीला चूक कबूल करता येते, सांगितलेले ती घरी जाऊन करून पाहते, आणि तिला मुद्देसूद लिहिता येते. हिशेबाच्या खात्यात माणसाकडून हेच हवे असते. मुलाखतीत जे दाखवता आले नाही त्याचा थोडासा भाग तिने आभाराच्या निमित्ताने दाखवला. मात्र न केलेली गोष्ट केली असे लिहू नये. दुसऱ्या फेरीत नेमका तोच प्रश्न येतो.

या निरोपात आणखी एक गोष्ट नाही, ती म्हणजे मागणी. आभार आणि विनंती एकाच निरोपात आली की आभार विनंतीची प्रस्तावना होऊन बसतात. "आभारी आहे, आणि माझ्या भावासाठीही काही असेल तर बघा" या वाक्याने आधीचे सगळे धुऊन निघते. विनंती करायचीच असेल तर काही दिवसांनी, वेगळी आणि स्पष्ट करावी.

वेळेबद्दल सांगायचे तर मुलाखत झाली त्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निरोप जावा. चार दिवसांनी गेला तर समोरच्याला चेहरा आठवत नाही. हिशेबाच्या क्षेत्रात तारखांचे भान विशेष हवे. दरमहा विवरण भरणाऱ्यांना ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) आणि २० तारखेपर्यंत ३बी (कराचा गोषवारा) भरायचे असते, जुलैअखेर प्राप्तिकर विवरणपत्रांची आणि सप्टेंबरअखेर कर लेखापरीक्षणाची घाई असते. या दिवसांत सीएंच्या कार्यालयात आभार मानायला जाऊन खुर्ची अडवून बसणारा उमेदवार या धंद्याची आपल्याला काहीच माहिती नसल्याचे स्वतःहून जाहीर करतो. त्या दिवसांत लेखी निरोप पाठवावा, भेट नंतर घ्यावी.

माध्यम समोरच्याने वापरले तेच वापरावे. बोलावणे ईमेलने आले असेल तर ईमेल, फोन व्हॉट्सॲपवरून आला असेल तर व्हॉट्सॲप. मुलींना एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण तुम्ही विचारली नसली तरी ती मनात असते. मुलाखत घेणाऱ्या पुरुष अधिकाऱ्याच्या खासगी क्रमांकावर रात्री निरोप पाठवण्याची काही गरज नाही. कार्यालयाच्या ईमेलवर किंवा ज्या अधिकृत क्रमांकावरून बोलावले त्यावर, कामाच्या वेळेत पाठवावा. त्यातून कोणी कामाबाहेरचे संभाषण वाढवू लागला तर उत्तर न देणे हा उद्धटपणा ठरत नाही. भाषेबाबतही हेच: मुलाखत मराठीत झाली असेल तर मराठीत लिहावे, जुजबी इंग्रजीत उसने अवसान आणू नये. सोलापुरात समोरचा माणूस तेलुगू किंवा कन्नड बोलणारा असण्याचा संभव बराच असतो. ती भाषा तुम्हाला घरची म्हणून येत असेल तर भेटीत दोन वाक्ये तीत बोलावीत, पण लेखी निरोप कार्यालयाच्या भाषेतच ठेवावा.

आता नकारानंतरच्या निरोपाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते खरा लाभ तिथे आहे आणि तो घेणारे अत्यंत थोडे आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की एक जागा होती, एकाची निवड झाली, प्रकरण मिटले. आतून तसे नसते. लेखा सहायकाच्या जागेसाठी मुलाखती झाल्या की अर्जांचे तीन गठ्ठे होतात: घ्यायचा, नको, आणि मधला. मधल्या गठ्ठ्यातल्या अर्जांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'होल्ड' लिहिलेले असते. निवडलेल्याला ऑफर लेटर जाते, तो होकार देतो, आणि रुजू व्हायच्या दिवशी त्याचा फोन बंद लागतो. चौकशी केली तर कळते की तो सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघून गेला, तिथे दोन हजार जास्त मिळाले. सोलापुरात हे इतके नित्याचे आहे की त्याचा राग येणेही आम्ही सोडून दिले आहे. पण तेव्हा महिनाअखेर असते, सात तारखेच्या आत पगार व्हायचे असतात, हजेरीपत्रके टेबलावर पडलेली असतात आणि लेखा विभागात एक माणूस कमी असतो. पुन्हा जाहिरात देऊन मुलाखती घ्यायला कोणालाही वेळ नसतो.

अशा वेळी मधला गठ्ठा उघडला जातो. समजा त्यात दोन सारख्या तोलाचे अर्ज आहेत. एकाबद्दल मुलाखतीनंतर काहीही कळलेले नाही. दुसरीने नकार कळल्यावर दोन ओळी लिहिल्या होत्या: "निर्णय कळवल्याबद्दल आभार. मुलाखतीत माल पाठवतानाच्या ई-वे बिलाबाबत माझी तयारी कमी पडली, ती पूर्ण करत आहे. मी सोलापुरातच आहे आणि आठवड्याच्या आत रुजू होऊ शकते." पहिला फोन कोणाला जाईल? यात भावनेचा भाग मी फारसा धरत नाही. दुसऱ्या मुलीबद्दल मला माहीत आहे की ती अजून मोकळी आहे, गाव सोडून गेलेली नाही, नकाराने फुरंगटलेली नाही आणि क्रमांक चालू आहे. पहिल्याबद्दल यांतले काहीच माहीत नाही. कदाचित तो अधिक हुशारही असेल, परंतु सकाळी अकरा वाजता ते शोधत बसण्याइतकी सवड नसते. तिच्या दोन ओळींनी माझे काम हलके केले, म्हणून फोन तिला गेला.

नकार देणाऱ्याला "माझ्यात काय कमी होते ते सांगा" असे विचारावे का, हा प्रश्नही नेहमी येतो. विचारावे, पण एकदाच, आणि तो वादाचा प्रारंभ वाटू नये इतक्या मोकळेपणाने. मोठ्या कंपन्या बहुधा उत्तर देत नाहीत. लहान कारखान्यातले अकाउंटंट मात्र फोनवर दोन मिनिटे मोकळेपणे बोलतात आणि त्या दोन मिनिटांत जे कळते ते महागड्या वर्गांतही मिळत नाही.

ऑस्ट्रेलियातील लिसा विल्यम्स आणि अमेरिकेतील मोनिका बार्टलेट यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला एक छोटा प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी शाळकरी मुलांना त्यांच्या लेखनाबद्दल सल्ला दिला. काहींना त्या बदल्यात नुसती पोच मिळाली, काहींना पोचेबरोबर मनापासून आभार मिळाले. पुढे त्या मुलाला चिठ्ठी लिहिण्याची मुभा दिली तेव्हा आभार मिळालेल्यांनी आपला फोन क्रमांक किंवा ईमेल स्वतःहून लिहून देण्याचे प्रमाण ठळकपणे अधिक होते. म्हणजे ओळख पुढे चालू ठेवण्याची तयारी वाढली. प्रयोग लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण दार उघडते म्हणतात ते इतकेच असते. लगेच नोकरी हाती पडत नाही, पुढच्या वेळी फोन करायला एक क्रमांक मिळतो.

कोणाकोणाचे आभार मानावेत, याची यादी तुम्ही साहेबांपासून सुरू कराल. मी सांगेन की फाटकापासून सुरू करा. कारखान्याच्या फाटकावरचा सुरक्षारक्षक, टाइम ऑफिसमधला (हजेरी विभागातला) कारकून, स्वागतकक्षातली ताई, ज्यांनी तुम्हाला साहेब येईपर्यंत पंख्याखाली बसवले आणि पाणी दिले, त्यांना निघताना "येते, बरे झाले तुम्ही सांगितले" म्हणायला काही लागत नाही. कोण राजीनामा देणार आहे, कोणाचे लग्न ठरले आहे, कोणत्या विभागात माणूस कमी आहे, हे टाइम ऑफिसला आमच्या आधी माहीत असते. शिवाय उमेदवार बाहेर कसा वागला हे आम्ही फाटकावर विचारतो. सगळेच विचारत नसतील, मी विचारत असे. शिक्षकांनाही विसरू नका. ज्यांचे नाव तुम्ही अर्जात संदर्भ म्हणून देता, त्या प्राध्यापकांना आधी कळवणे आणि नंतर निकाल सांगणे हे इतके प्राथमिक असूनही दहातले आठ जण करत नाहीत, असा माझा अंदाज आहे.

जिथे आभाराचा उपयोग नाही, ती ठिकाणेही माहीत हवीत. लोकसेवा आयोग, बँकांच्या परीक्षा, महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची भरती, यांत गुण आणि नियम बोलतात. तिथे कोणाला निरोप पाठवून काही साधत नाही. कार्यालयात भेटवस्तू घेऊन जाणे तर सरळ अंगलट येऊ शकते, कारण १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. खासगी कंपनीत मुलाखतीनंतर निर्णय व्हायच्या आत वस्तू पाठवणे हेही टाळा. आपल्या गावात चांगल्या मनाने चादर देण्याची रीत आहे, पण निर्णय बाकी असताना एचआरच्या टेबलावर आलेली सोलापुरी चादर पाहून समोरचा माणूस आनंदी होत नाही, तो ती परत कशी करावी या विवंचनेत पडतो. आणि जो नोकरी लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागतो, त्याचे आभार मानण्याचा प्रश्नच येत नाही. त्याच्यापासून दूर राहावे. दिवाळीला किंवा संक्रांतीला सगळ्यांना एकच चित्र पाठवणे हेदेखील आभारात मोडत नाही. ते पाहिलेही जात नाही.

वडिलांचे पेढ्यांबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे, फक्त अपुरे वाटते. पेढे शेवटच्या माणसाला मिळतात, ज्याच्याकडे काम झाले त्याला. ज्याने पहिला फोन केला, ज्याने बायोडेटातली चूक दाखवली, ज्याने नकार देताना कारण सांगितले, ते सगळे त्या पेढ्यांपर्यंत पोहोचतच नाहीत. यासाठी एका साध्या वहीत चार रकाने आखा: कोणी, काय केले, मी काय कळवले, केव्हा. शोध लांबला की नावे विसरतात. वही विसरत नाही. नोकरी लागली की त्या वहीतल्या प्रत्येकाला कळवा, ज्यांची मदत फुकट गेली असे वाटते त्यांनाही.

आता तुमच्यापुरते. पहिले काम सीएंकडे जाण्याचे. वडिलांना सोबत न नेता, वेळ विचारून, स्वतः जा. ओळख आता तुमची व्हायला हवी. टॉवेलच्या कारखान्यात काय विचारले, कुठे अडले, नकार कसा आला हे पाच मिनिटांत सांगा, चिंचोळीचे अजून कळलेले नाही हेही सांगा आणि त्या भेटीत तिसरी जागा मागू नका. ते स्वतःहून काही सुचवतील तर लिहून घ्या आणि आठवड्याच्या आत त्याचे काय झाले ते कळवा. दुसरे काम टॉवेलच्या कारखान्याला लिहिण्याचे. नकार येऊन दिवस झाले असले तरी वर दिलेल्या दोन ओळी आजही चालतील. चिंचोळीच्या कंपनीला तीन आठवड्यांनंतर आता आभाराचा निरोप शोभणार नाही. तिथे मुलाखतीची तारीख आणि पद लिहून निर्णयाची नम्र चौकशी करा, आणि मुलाखतीतली एखादी नेमकी गोष्ट उपयोगी पडली असेल तर ती एका वाक्यात नोंदवा. आठवडाभरात उत्तर आले नाही तर कार्यालयाच्या क्रमांकावर एकदा फोन करा. त्यानंतरही काही कळले नाही, तर महिन्याभराने पुन्हा विचारायला हरकत नाही; तोवर इतर अर्ज मात्र थांबवू नका.